खिडक्या मोडीत काढण्यापूर्वी

बडोद्याच्या जुन्या वस्तीत, दांडिया बाजारात म्हणा, रावपुऱ्यात म्हणा की बाबाजीपुऱ्यात म्हणा, हल्ली अधूनमधून एखाद्या ओळखीच्या घरापुढे टेंपो उभा दिसतो आणि त्यावर त्या घराच्या खिडक्या आडव्या रचलेल्या असतात. चौकटी, झडपा, गज, सारे एकत्र. यजमान ओट्यावर उभे असतात. त्यांना विचारावे, तर म्हणतात, "सडल्या होत्या हो! आता ॲल्युमिनियमच्या बसवून घेतो, म्हणजे कटकट मिटली." टेंपोवाला मात्र काही बोलत नाही. तो झडपेच्या काठावरचा रंग नखाने जरासा उकरतो, आतले लाकूड पाहतो आणि मुकाट्याने पैसे मोजतो. पदरचे पैसे मोजून सडके लाकूड नेणारा व्यापारी अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

प्रस्तुत लेख या खिडक्यांविषयी आहे. जुनी सागवानी खिडकी घरच्या घरी खरवडून, दुरुस्त करून, तिला पुन्हा रंग आणि तेल देऊन उभी कशी करावी, हे गेल्या हिवाळ्यात मी स्वतःच्या हातांनी करून पाहिले. मी सुतार नव्हे. माझा सारा जन्म कचेरीत गेला. तरीही हे काम जमते. ज्यांच्या घरात जुन्या खिडक्या अजून शाबूत आहेत, त्यांनी त्या मोडीत काढण्यापूर्वी निदान एकदा हे ऐकून घ्यावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

घरातला ठराव

आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीला सहा खिडक्या. त्यांचा विषय काढला तो पुतण्याने. "काका, पावसाळ्यात त्या लागत नाहीत, उन्हाळ्यात खडखडतात. फटींतून धूळ येते, डास येतात, एसीची गार हवा बाहेर जाते. ठेवायच्या तरी कशाला?" त्याच्या तक्रारींपैकी एकही खोटी नव्हती. जुन्या वस्तूंविषयी जिव्हाळा बाळगणाऱ्यांनी हे आधी कबूल केले पाहिजे, की ज्या खिडकीशी रोज झटापट करावी लागते ती कितीही देखणी असली तरी घरातल्या तरुण माणसांना नकोशीच होणार.

थोरल्या वहिनी एवढेच म्हणाल्या, "विकायच्या तर विका, पण त्या रंगाखाली काय आहे ते तरी आधी बघा." शेवटी दादांनी निकाल दिला. मला म्हणाले, "दिवाळीनंतर एक खिडकी तू नीट करून दाखव. पुढच्या पावसाळ्यात ती नीट लागली आणि नीट उघडली, तर बाकीच्या राहतील. नाही तर सगळ्या जातील." पुतण्यालाही हे मान्य झाले. सहा खिडक्यांचे भवितव्य एका खिडकीवर येऊन ठेपले.

लाकडाची पारख

आधी सागाविषयी थोडे. सागाच्या गाभ्यात एक नैसर्गिक तेल असते, आणि टेक्टोक्विनोन नावाचे एक द्रव्य असते, जे वाळवीला मानवत नाही. सालीलगतच्या पांढुरक्या लाकडात हा गुण नसतो. जुन्या घरांच्या खिडक्या बहुधा पक्व झाडांच्या गाभ्यातून काढलेल्या. आज बाजारात मिळणाऱ्या कोवळ्या सागात पांढरा भाग पुष्कळ असतो. सबब, जुनी खिडकी देऊन नवी सागाची जरी घेतली, तरी तोच साग घरात येतो असे समजू नये.

बडोदे संस्थानाला सागाचे अप्रूप नव्हते. नवसारी प्रांतातली सोनगड-व्याऱ्याकडची जंगले संस्थानाचीच होती. बिलीमोऱ्याहून डांगातल्या वघईपर्यंत गायकवाडांच्या रेल्वेने १९१३ साली जी अरुंद मापाची गाडी सुरू केली, तीही मुख्यतः लाकूड आणण्याच्या हेतूने. असा साग जवळ असल्यामुळेच आपल्या शहरात खांब, तुळया, कडीपाट आणि खिडक्या यांवर एवढे काम झालेले दिसते. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहावा. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा भिंतीवरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. पण चित्रे पाहून झाली की एकदा त्याच्या लाकूडकामाकडेही नजर टाकावी. तो वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. आपल्या तुमच्या घरांच्या खिडक्यांना मात्र आपल्यावाचून दुसरे खाते नाही.

खिडकी खरोखर सडली आहे की नुसती ओंगळ दिसते, हे ओळखणे अवघड नाही. एक टोच्या घ्यावा आणि चौकटीचा खालचा आडवा भाग, त्याचे दोन्ही कोपरे आणि झडपांच्या खालच्या पट्ट्या टोचून पाहाव्यात. पाणी साचते ते इथेच, आणि कूज लागते तीही इथेच. टोच्या टणकन परत आला तर लाकूड निरोगी. लोण्यात शिरावा तसा आत गेला तर तेवढा भाग गेला. मग पेचकसाच्या मुठीने चौकटीवर वरपासून खालपर्यंत ठोकत यावे. पेचकसाला बडोद्यात सगळे 'डिसमिस' म्हणतात. तोच शब्द दुकानात सांगावा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर आत वाळवीने घर केले आहे. आमच्या सहांपैकी पाच चौकटी भरीव बोलल्या, एक पोकळ.

आषाढात रंधा नको

काम केव्हा काढावे, याला फार महत्त्व आहे. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि फुगते; हवा कोरडी झाली की आकसते. पावसाळ्यात झडप चौकटीत अडकली की आपण तडक मिस्त्रीला बोलावतो, तो काठावरून रंधा फिरवतो आणि खिडकी लागते. पुढे पौषात तीच झडप आकसते आणि काठाला बोटभर फट पडते. मग वारा, धूळ, डास आणि खडखडाट. पुतण्याच्या निम्म्या तक्रारींचे मूळ मला अशा आषाढातल्या रंध्यांत सापडले. फुगलेल्या लाकडाला रंधा मारू नये; त्याला वाळायला अवधी द्यावा.

आपल्याकडे या कामाला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम, ते होळीपर्यंत. हवा कोरडी असते, ऊन सोसवते, तेल सावकाश मुरते. वैशाखातल्या उन्हात तेलाचा वरचा थर चटकन वाळतो आणि आतले ओलेच राहते. ज्यांच्या घरात जुलै २०१९ किंवा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शिरले होते, त्यांना हेही सांगावेसे वाटते, की पुरात भिजलेली सागवानी चौकट उन्हात वाळवू नये. सावलीत, वारा खेळता ठेवून वाळवावी आणि एक पुरता कोरडा ऋतू गेल्याखेरीज तिच्यावर रंगाचा हात फिरवू नये. आत कोंडलेला ओलावा रंगाला फोड आणतो आणि लाकडाला कूज.

रंगाचे थर

काम सुरू करताना झडपा बिजागऱ्यांतून सोडवून खाली घ्याव्यात आणि प्रत्येकीवर न दिसणाऱ्या जागी खूण करावी: डावी, उजवी, वरची, खालची. जुन्या झडपा वेगवेगळ्या हातांनी घासून बसवलेल्या असतात. डावी उजवीकडे जात नाही. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या काढून एका डब्यात ठेवाव्यात. पितळी असतील तर चिंचेने घासाव्यात. रंगाखाली पितळ आहे हे आमच्या घरात निम्म्या माणसांना ठाऊकच नव्हते.

रंग खरवडायला लागलो तेव्हा एकाखाली एक असे थर निघाले. वर चॉकलेटी ऑइलपेंट, तो पुतण्याच्या मुंजीच्या वेळचा. त्याखाली फिकट निळा. त्याखाली हिरवा, तो मात्र मला आठवत होता: १९६० साली, गुजरात राज्य झाले त्या वर्षी, आत्याच्या लग्नाआधी हा हिरवा दिला होता आणि ओल्या रंगाला हात लावल्याबद्दल आम्हा मुलांना दटावले होते. आपल्या घरांतून रंग निघतो तो कार्याच्या निमित्ताने. आणि कार्य दाराशी आले की जुना रंग खरवडायला सवड कोणाला? त्यावरच नवा चढतो. असे चार-पाच थर झडपेच्या काठावर आणि चौकटीच्या खाचेत दोन्हीकडून चढले की झडप मावणार कशी? खिडकी लागत नाही, त्याचे दुसरे कारण हे. लाकूड आहे तेवढेच आहे. जाड झाला आहे तो रंग.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असते. घरगुती रंगांतल्या शिशावर दर दहा लक्ष भागांस ९० भाग ही मर्यादा आपल्या देशात २०१६ च्या नियमांनी घातली गेली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आली. त्याआधीचा प्रत्येक थर शिशाचा आहे असे धरूनच चालावे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये आणि दिव्याच्या ज्योतीने जाळून तर मुळीच काढू नये. मी असे केले: झडप अंगणात प्लॅस्टिकच्या कापडावर आडवी ठेवली, रंगावर पाणी शिंपडून तो ओला राखला आणि लांबीच्या पोलादी पट्टीने हळूहळू खरवडला. तोंडाला धूळ अडवणारी चांगली मुखपट्टी, हातात रबरी मोजे. नातवंडांना त्या अंगणात यायला बंदी. निघालेले पापुद्रे पिशवीत बांधून वेगळे ठेवले; झाडूने झाडले नाहीत, ओल्या फडक्याने पुसून घेतले. जेवणापूर्वी हात-तोंड धुणे आणि कामाचे कपडे वेगळे भिजवणे हेही त्यात आलेच.

कोपऱ्यांत आणि नक्षीत पट्टी पोचत नाही. तिथे बाजारात मिळणारे रंग काढण्याचे द्रव्य ब्रशने लावून, रंग सुरकुतला की बोथट काडीने काढावा. हे उघड्या हवेतच करावे. त्याची वाफ बाधते. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात झडपा बुडवण्याची एक युक्ती काही लोक सांगतात. रंग झटपट निघतो खरा, पण सागाला तो सोडा काळवंडून टाकतो, सांधे सैल करतो आणि लाकडात मुरून पुढच्या तेलाला जागा देत नाही. चार दिवस वाचवण्यासाठी शंभर वर्षांचे लाकूड पणाला लावण्यात शहाणपण नाही.

एका झडपेला मला चार दिवस लागले, रोज दोन तास. चौथ्या दिवशी वहिनींना बोलावले. त्यांनी लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "म्हणजे हे इतकी वर्षं आत होतं तर!"

ठिगळ लावताना

रंग उतरला की दोष उघडे पडतात. आमच्या झडपेची खालची पट्टी एका कोपऱ्यात वितभर कुजली होती. अशा ठिकाणी लांबी थापून वर रंग देणे म्हणजे गळवावर पावडर लावणे. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढावा आणि तेवढ्याच मापाचा जुन्या सागाचा तुकडा बसवावा. तुकड्याच्या रेषा मूळ लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच धावल्या पाहिजेत. आडव्या बसवल्या तर दोघांचे फुगणे-आकसणे वेगळे होऊन जोड उघडतो. हे एक काम मात्र मी मिस्त्रीकाकांकडून करून घेतले. त्यांनी जोड सरळ न कापता तिरका कापला. कारण विचारले तर म्हणाले, "सरळ सांध्यात पाणी बसते, तिरक्यावरून उतरते." तीस शब्दांचे काम त्यांनी सहा शब्दांत उरकले.

खडखडाटाचा उपायही साधा निघाला. बिजागऱ्यांच्या स्क्रूंची भोके सैल झालेली होती. त्यांत सागाच्या बारीक खुंट्या सरसात बुडवून ठोकल्या, वाळल्यावर काठाशी कापल्या आणि त्यांत नवे स्क्रू पिळले. झडप जागच्या जागी उभी राहिली.

मग काचकागद. आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी १८०. घासायचे ते नेहमी रेषांच्या दिशेने; आडवे ओरखडे आत्ता दिसत नाहीत, पण रंग त्यांत साचला की डोळ्यांत भरतात. शेवटच्या घासणीआधी ओल्या फडक्याने लाकूड एकदा पुसावे. बसलेले तंतू उठतात. वाळले की हलक्या हाताने पुन्हा घासून टाकावेत. म्हणजे पुढे रंगाच्या वेळी लाकूड खरबरीत होत नाही.

रंग सोंगासाठी नव्हे

आता रंगछटेविषयी, कारण सर्वांत अधिक गैरसमज इथे आहेत. चांगल्या जुन्या सागाला रंगाची गरजच नसते. त्याचा मधासारखा तपकिरी वर्ण तेलाने आपोआप खुलतो. त्याला शिसवासारखा काळा किंवा गुलबक्षी लाल करण्याचा हौशी उद्योग करू नये. रंग लागतो तो दोन कारणांसाठी: नवे ठिगळ जुन्या लाकडात मिसळावे म्हणून, आणि उन्हाने पांढुरका पडलेला भाग सावलीतल्या भागाशी जुळावा म्हणून. मेळ बसला की रंगाचे काम संपले.

तयार वुडस्टेन बाजारात मिळतात आणि ते वापरायला हरकत नाही. मी मात्र आधी घरातले साहित्य पाहिले. काताची चमचाभर पूड पाव लिटर उकळत्या पाण्यात विरघळवली आणि गाळून घेतली. हा झाला तांबूस तपकिरी रंग. दुसऱ्या वाटीत कपभर पाण्यात चिमूटभर हिराकस. कातात टॅनिन असते आणि हिराकशीत लोह. लाकडावर आधी कात देऊन तो वाळल्यावर हिराकशीचे अगदी पातळ पाणी पुसले की दोघांच्या भेटीतून काळपट झाक उमटते. आपले पूर्वज हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, तेच हे रसायन. त्याची मात्रा मात्र फार थोडी हवी, आणि रंग वाळेपर्यंत गडद होत जातो हे लक्षात ठेवावे. घाईने दुसरा हात देऊ नये.

पारखण्याची एक खूण सांगतो. कोरड्या लाकडावरचा रंग पाहून निर्णय करू नये. ठिगळाच्याच लाकडाचा एक तुकडा घ्यावा, त्यावर रंगाचे दोन-तीन पट्टे वेगवेगळ्या दाटीचे काढावेत, वाळू द्यावेत आणि मग तो तुकडा व जुनी झडप दोन्ही थोड्या तेलाने ओली करून शेजारी शेजारी धरावीत. तेलाखाली जो पट्टा झडपेशी जुळतो, तोच खरा. हे पाहायचे ते दिवसाच्या उजेडात, खिडकी जिथे लागणार त्याच दिशेच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग सकाळी फसवतो.

रंग लावायला ब्रशपेक्षा जुन्या धोतराचा बोळा बरा. आधी रेषांना आडवा चोळावा, म्हणजे छिद्रांत जातो. मग रेषांच्या दिशेने ओढून जादा पुसून घ्यावा. लाकडाची कापलेली टोके रंग अधाशासारखी पितात आणि काळी पडतात. तिथे बोळा जवळजवळ कोरडाच फिरवावा.

बाहेर तेल, आत लाख

रंग पुरता वाळला की राखणीचे काम. लाखेचे पॉलिश देखणे असते, पण ते पाण्याने पांढरे पडते. पावसाच्या तोंडी ते टिकत नाही. चकचकीत व्हार्निशही उन्हाच्या बाजूला एक-दोन वर्षांत तडकते, आणि तडकले की सगळे खरवडूनच काढावे लागते. बाहेरच्या अंगाला तेल बरे. ते लाकडात मुरते, सोलवटत नाही आणि पुढच्या वर्षी त्यावरच पुन्हा देता येते.

रंगवाल्याच्या दुकानात बेलतेल मागावे. म्हणजे कढवलेले जवसाचे तेल. पहिल्या हाताला बेलतेल आणि टर्पेंटाइन समभाग, दुसऱ्याला टर्पेंटाइन निम्मे, तिसऱ्याला नुसते तेल. तेल देण्याआधी स्पिरिटच्या फडक्याने लाकूड पुसून घ्यावे, कारण सागाचे स्वतःचे तेल पृष्ठभागावर आलेले असते आणि ते बाहेरच्या तेलाला नीट धरू देत नाही. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने जे मुरले नाही ते पुसून टाकावे. न पुसलेले तेल चिकट राहते आणि बडोद्याची सारी धूळ त्यावर येऊन बसते. दोन हातांमध्ये निदान दोन दिवस जाऊ द्यावेत.

आणि चिंध्यांविषयी सावध राहावे. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर वाळता वाळता तापतात आणि कोणी काडी न लावता पेट घेतात. काम झाले की त्या पाण्याच्या बादलीत बुडवाव्यात किंवा दोरीवर एकेक सुटी पसरून वाळवाव्यात. लाकडाच्या घरात राहणाऱ्याने तरी हे विसरू नये.

खोलीच्या बाजूला मात्र लाख शोभते. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळावी आणि मलमलीत कापूस बांधून केलेल्या बोळ्याने पातळ पातळ हात द्यावेत. लाख लाकडावर किती जीव धरते ते पाहायचे तर आपल्या शेजारच्या संखेड्याला जावे. तिथले खरादी कातावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात, घासण्याच्या उष्णतेने ती वितळते, केवड्याच्या पानाने ती पसरवतात आणि अकीकाच्या दगडाने घोटून चमक आणतात. आपली खिडकी काही कातावर चढत नाही. पण घोटण्याचा धीर तेवढाच लागतो.

शेवटी काचा. जुन्या तावदानांतून पाहिले तर समोरचे घर किंचित डुलते. ती काच हलकी म्हणून बदलू नये, ती तशीच धुऊन पुन्हा बसवावी. लांबी घरीच होते: खडूची बारीक पूड आणि बेलतेल पोळीच्या कणकेसारखे मळून तासभर झाकून ठेवावे. वहिनींनी ती मळली आणि माझ्यापेक्षा सरस मळली.

पावसाळ्याची परीक्षा

झडपा परत चढवल्या. फटी उरल्या तिथे चौकटीच्या खाचेत नमद्याची पट्टी चिकटवली, त्यामुळे धूळ आणि एसीची हवा दोन्ही अडली. डासांसाठी आतून एक सुटी जाळीची चौकट केली. ती दिवाळीत काढून धुता येते. पुतण्याच्या तक्रारींची यादी समोर ठेवूनच मी हे केले, कारण जुन्या खिडकीने नव्या गरजा भागवल्या नाहीत तर तिची बाजू घेण्यात अर्थ नाही. आता त्याच्या यादीत नसलेली एक गोष्ट मी जोडली: ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून अधिक वाहते. मे महिन्यात पश्चिमेच्या धातूच्या चौकटीला दुपारी हात लावून पाहावा आणि मग सागाच्या.

यंदा पाऊस चांगला झाला. श्रावणात एके दिवशी झोड लागली असताना पुतण्याने स्वतःच ती खिडकी ओढली. ती लागली. उघडली, पुन्हा लागली. तो म्हणाला, "काका, दुसरीला हात कधी लावायचा?" पोकळ बोलणारी सहावी चौकट मात्र वाळवीने आतून खाल्लेली निघाली, तिथे ॲल्युमिनियम बसले. तिच्या झडपांचे निरोगी लाकूड आम्ही ठिगळांसाठी माळ्यावर ठेवले आहे.

आपल्या लोकांत एक जुनी समजूत आहे, की पटाशी मिस्त्रीने धरायची आणि लेखणी आपण. याच शहरात महाराज सयाजीराव (तिसरे) यांनी १८९० साली कलाभवन उघडले आणि त्रिभुवनदास गज्जरांसारख्या रसायनज्ञाच्या हाती ते दिले, ते ही समजूत मोडावी म्हणूनच. कारागिराचा हात आणि शास्त्राचे ज्ञान एका छपराखाली यावे, असा तो विचार होता. आपली घराणी इथे पाच-पाच, सहा-सहा पिढ्या राहिली. राज्य गेले, १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, पुढे प्रांतही बदलला. आपण राहिलो, ते या घरांमुळे. घर नुसते वडिलोपार्जित असून टिकत नाही, त्याला दरवर्षी हात लागावा लागतो.

तो हात फार मोठा नाही. पहिल्या वर्षाचे कष्ट झाले की पुढे दर दिवाळीनंतर एक सकाळ पुरते: ओल्या फडक्याने पुसणे, वाळवणे, बेलतेलाचा एक पातळ हात, अर्ध्या तासाने कोरडे पुसणे. पावसाळ्याआधी लांबी कुठे सुटली आहे का आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचते आहे का, एवढे पाहणे. आणखी एक करावे. कोणत्या खिडकीला कोणता रंग, कात किती, हिराकस किती, तेल कोणत्या महिन्यात दिले, हे घरपट्टीच्या पावत्या जिथे ठेवता तिथल्या वहीत लिहून ठेवावे. आमच्या वडिलांनी आणि आजोबांनी ते लिहिले नव्हते, म्हणून मला सगळे रंगाच्या थरांवरून वाचावे लागले. पुढच्याला वहीवरून वाचता यावे.